टिपणीसबाईंचं रातांधळेपण

मुलुंडच्या पाच रस्त्यापासून डोंगराच्या बाजूला चालू लागलं की डाव्या हाताला एक दुमजली घर लागायचं. वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं आणि दोन्हींपुढे लाकडी कठड्याची एकच गॅलरी. एका बिऱ्हाडात ओगले मंडळी राहायची, दुसऱ्यात वसुधा टिपणीस एकट्याच. बाई मुलींच्या शाळेत शिवण आणि मराठी शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची लोकांची हौस बाई पन्नाशीला आल्या तेव्हा कुठे फिटली, आणि मग लोकांनी त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं.

रविवारी दुपारपर्यंत बाईंच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही, कारण ऐकायला कोणी नसायचं. स्वतःशी बोलायची सवय त्यांनी मुद्दाम लागू दिली नव्हती. शाळेतल्या एका जुन्या बाईंना ती होती आणि मुली त्यांची नक्कल करायच्या. मग चारच्या सुमाराला भिंतीपलीकडून हाक यायची, "वसू, चहा टाकलाय गं," आणि बाईंचा रविवार सुरू व्हायचा. हाक असायची रुक्मिणीवहिनी ओगल्यांची. विधवा बाई, हाताची सढळ आणि जिभेची तिखट. घरात मुलगा नंदकुमार, फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून. त्याची बायको शुभा. आणि लग्नाची मुलगी माणिक. नंदू शाळेत जायचा तेव्हापासून बाईंना वसुमावशी म्हणायचा. बाईंना मावशी म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि त्या भिंतीपलीकडच्या हाकेशिवाय बाईंना दुसरा आधारही नव्हता. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चोपन्न साली शुभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी पेणला गेली. रीतच ती. मुलगा झाल्याची तार आली, वहिनींनी पेढे वाटले, नंदूनं बारशासाठी रजा मागितली. बारसं बाराव्या दिवशी होतं आणि बाळ दहाव्या दिवशी गेलं. नंदू पोचला तोवर सगळं उरकलं होतं. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचं सुतकही कोणी धड धरत नाही. नाव ठेवलेलं नव्हतं, तेव्हा नाव घेऊन रडायचीही सोय नव्हती. सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवून 'तुम्ही तरुण आहात' एवढं सांगितलं, शुभाला अंगात ताकद येईपर्यंत ठेवून घेतलं, आणि नंदू परत येऊन कचेरीत हजर झाला. मुलाचं तोंड त्यानं पाहिलंच नाही.

वहिनींनी घरात तो विषय बंद करून टाकला. त्या निष्ठुर होत्या असं कोणी समजू नये. त्यांची स्वतःची दोन अशीच गेली होती आणि त्यांच्या सासूनं तेव्हा हेच केलं होतं. न ठेवलेल्या नावाचं दुःख करायचं नसतं, त्यातून पुरुषानं तर नाहीच नाही. नंदूचं जेवण तुटलं, रात्रभर कूस बदलत राहू लागला, तेव्हा त्या त्याला घाटकोपरच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्यांनी द्राक्षासव दिलं. जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून.

आता ज्यांना हसायचं त्यांनी इथे हसून घ्यावं. दारूबंदी येऊन चार वर्षं झाली होती. खाडीकडे हातभट्ट्या सापडतात, पोलीस धाडी घालतात, हे पेपरातून कळलं की वहिनी नाक मुरडायच्या. दारू हा शब्द त्यांच्या घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. पण आसव म्हणजे औषध. त्यात द्राक्षं, मध, धायटीची फुलं, आणि वर ग्रंथाचा आधार. ते मुरवतात आणि मुरलेलं चढतं, ही गोष्ट आम्हा पांढरपेशांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणालाच ठाऊक नव्हती. वहिनींनी बाटली देवघराच्या फळीवर ठेवली, गंगेच्या गडूशेजारी, आणि रोज स्वतःच्या हातानं मुलाला आसव द्यायला लागल्या. नंदूला झोप लागू लागली. "मानवलं हो त्याला," त्या कौतुकानं बाईंना म्हणाल्या. पुढे चमच्याची वाटी झाली.

बाईंना सहदेव आठवला. सहदेव त्यांचा पाठचा भाऊ. त्या गिरगावात राहत होत्या तेव्हा त्याची सुरुवात सर्दीवरच्या ब्रँडीनं झाली होती. बाईंच्या ते लवकरच लक्षात आलं होतं: संध्याकाळी तो उगाच गोड बोलायचा, वेलदोडा चघळायचा आणि दिवेलागण झाली की अस्वस्थ व्हायचा. त्यांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, अजून तसं काही नाही. पुढच्या वर्षी मामा म्हणाले, अजून तसं काही नाही. जेव्हा तसं झालं तेव्हा सगळे धावले, शपथा घातल्या, देवापुढे नाक घासायला लावलं. पण ते वरातीमागून घोडं. चाळिशी न बघता सहदेव गेला. मुलुंडला आल्यावर कोणी विचारलं तर बाई 'काविळीनं गेला' असं सांगायच्या. ते खोटंही नव्हतं.

सहदेवच्या बाबतीत काय चुकलं यावर विचार करायला बाईंना वेळ भरपूर मिळाला होता. बोलायची खरी वेळ असते तेव्हा बोलण्यासारखं काही घडलेलंच नसतं, हे एक त्यांना कळलं होतं. आणि बाटलीला नावं ठेवली की माणूस बाटलीच्या बाजूनं भांडायला उभा राहतो, हेही. तेव्हा बाटलीचं नाव काढायचं नाही, नंदूची संध्याकाळ तेवढी आपल्याकडे मागून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळची गरज होतीच. कचेरीतून आला की नंदू गॅलरीत बसायचा आणि दिवे लागले की देवघरात जायचा. आयुष्यात तो कधी सांजवेळी देवाकडे फिरकला नव्हता. वहिनींना वाटलं, दुःखानं का होईना, मुलगा मार्गाला लागला.

"नंदू, मला हल्ली संध्याकाळचं दिसेनासं झालंय रे," बाई एक दिवस कठड्याला धरून म्हणाल्या. "वाचनालयात पुस्तकं बदलायची असतात. जरा सोबत येतोस?"

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलंय. रातांधळेपण म्हणतात. गाजरं खा म्हणाले."

खोटं बोलण्यात बाई अगदी कच्च्या, त्यामुळे सोंग त्यांनी गरजेपेक्षा जास्त मन लावून वठवलं. जिन्यावर नंदूचा दंड धरायच्या, उंबऱ्याशी पाय चाचपायच्या. एकदा समोरून खुद्द मुख्याध्यापिका आल्या तर त्यांनाही ओळख दिली नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा खुलासा करता करता पुरेवाट झाली. घरी मात्र त्या रोज पानात गाजरं खात होत्या, कारण रुक्मिणीवहिनी आता आमटीबरोबर न चुकता गाजराची कोशिंबीर पाठवायच्या.

स्टेशनाजवळच्या वाचनालयातून निघालं की बाई फाटक ओलांडून मिठागरांच्या बाजूला वळायच्या. तिकडे दिवे नव्हते. खारट वारा असायचा आणि मिठाचे ढीग अंधारातही पांढरे दिसायचे. सुरुवातीला नंदू घुम्यासारखा चालायचा. "मावशी, चल ना पटपट," म्हणायचा. बाई आणखी सावकाश चालायच्या. आंधळ्या माणसाला कोण घाई करणार?

एका संध्याकाळी तो आपण होऊनच बोलला. "मावशी, त्याचं नाक कोणासारखं होतं, ते मला कोणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस?"

"आईला विचारलं. म्हणाली, झालं गेलं गंगेला मिळालं."

"शुभाला विचार. लिही तिला."

"तिला काय लिहू? तिला आणखी त्रास."

"तिलाही कोणी विचारलं नसेल रे. नाव काय ठेवणार होतास?"

नंदूनं नाव सांगितलं. बाईंनी ते पुढे कोणाजवळ उच्चारलं नाही, तेव्हा आपणही ते विचारू नये. नाव सांगितलं आणि तो तिथेच बांधावर बसून रडायला लागला, पुरुष रडतात तसा, आधी खोकल्यासारखा. बाईंनी त्याला रडू दिलं. मग हाताला धरून उठवलं आणि रूळ ओलांडून, खाचखळगे चुकवत सरळ घरापर्यंत आणलं. आपल्याला दिसत नाही हे त्या साफ विसरल्या होत्या. नंदूच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही. त्या दिवशी तो देवघरात गेला नाही, आणि पुढचे बरेच दिवस दिवेलागणीला पायात चपला घालून गॅलरीत मावशीची वाट बघत उभा असायचा.

खरं सांगायचं तर ते दिवस बाईंच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. शाळेत शेवटच्या तासाला त्यांचं लक्ष खिडकीकडे जायचं. आज नंदूला काय सांगायचं ते त्या मनात जुळवत बसायच्या. कोणीतरी आपली वाट बघतंय, ही गोष्ट पन्नास वर्षांच्या बाईला एवढी गोड लागावी याची त्यांना लाजही वाटायची.

मग पेणहून निरोप आला की शुभाची तब्येत अजून धरत नाही, दिवाळीपर्यंत तिला पाठवणार नाही. त्या संध्याकाळी नंदू आला नाही. बाई गॅलरीत गेल्या तर तो अंधारात आरामखुर्चीवर बसला होता.

"आज नको गं मावशी," तो म्हणाला. "आज मला इतकं छान वाटतंय. तू पण बस ना. तू किती चांगली आहेस, मावशी."

बाईंना वेलदोड्याचा वास आला. खुर्चीखाली त्याची कचेरीची पिशवी होती आणि तिच्यातून बाटलीचं बूच वर आलेलं होतं. देवघरातली बाटली आईच्या नजरेखाली होती. ही घाटकोपरला उतरून त्यानं स्वतः आणली होती. बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. एकट्या बाईचं फिरणं इथे पुरं पडणार नव्हतं. आता घरानंच हात द्यायला हवा होता, आणि घर म्हणजे रुक्मिणीवहिनी.

दोन दिवस बाई स्वतःशी भांडल्या. माणिकला बघायला ठाण्याची माणसं यायची होती. अशा वेळी घरातल्या मुलाबद्दल असा शब्द काढायचा म्हणजे काय, हे न कळायला त्या लहान नव्हत्या. वहिनी दुखावल्या तर चहाची हाक बंद होईल. ती बंद झाली की रविवार कसा दिसेल, हेही त्यांना कळत होतं. मग सहदेवच्या वेळचं 'अजून तसं काही नाही' त्यांना आठवायचं आणि त्या उठून बसायच्या.

रविवारी चहाला त्या गेल्या. नंदू बाहेर गेला होता, माणिक मैत्रिणीकडे.

"वहिनी, एक बोलू?"

"बोल की. परवानगी कसली मागतेस?"

"नंदूचं ते आसव बंद करा. आणि शुभाला बोलावून घ्या. तिची काय ती देखभाल इथे करू. तिकडे ती एकटी रडते, इथे हा एकटा."

"आसवाचं काय झालं?"

"तो आता औषध म्हणून घेत नाहीये ते. पिशवीत निराळी बाटली असते त्याच्या."

वहिनींनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझा मुलगा दारू पितो म्हणतेस?"

"नाही. अजून नाही. म्हणून तर आत्ता बोलतेय."

"हळू बोल. खालच्यांना ऐकू जातं." वहिनींचा आवाजच तेवढा चढला होता. "गुरुवारी माणसं यायचीत माझ्या दारात. कुणी ऐकलं तर पोरीचं काय होईल, याचा विचार केलास?"

तेव्हा बाईंनी बारा वर्षं झाकून ठेवलेली मूठ उघडली. सहदेवची कावीळ कशानं झाली ते सांगितलं. आई, मामा, शपथा, सगळं सांगितलं. "आम्ही वाट बघत बसलो, वहिनी. तो पडायची वाट बघत बसलो. तुम्ही बसू नका."

वहिनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. बाईंना वाटलं, पटलं. आपलं माणूस, पटणारच.

"दारुड्याची बहीण तू," वहिनी शेवटी म्हणाल्या. "तुला जिकडेतिकडे बाटल्याच दिसायच्या. आणि इतकी वर्षं माझ्या घरात बसून चहा प्यायलीस, पण खरं सांगितलं नाहीस."

बाईंनी कप उचलून मोरीशी नेऊन ठेवला, नेहमीसारखा विसळून, आणि त्या आपल्या घरी आल्या.

रुक्मिणीवहिनी तापट होत्या पण खुळ्या नव्हत्या. त्याच दिवशी देवघरातली बाटली हलली. वसूचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. ठाण्याच्या माणसांना बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. मुलाची पिशवी त्यांनी स्वतः उपसली आणि सापडलं ते मोरीत ओतलं. घाटकोपरच्या वैद्यांची पायरी बंद झाली. गुरुवार पार पडल्यावर त्या उठून पेणला गेल्या आणि व्याह्यांशी हुज्जत घालून सुनेला घेऊन आल्या. सून महिनोन् महिने माहेरी राहिली की लोक काय म्हणतात, याचाही आता त्यांना धाक बसला होता. म्हणजे बाईंनी सांगितलं तसंच सगळं झालं. फक्त ते बाईंच्या विरुद्ध म्हणून झालं.

पेणला जायच्या आधी वहिनींनी मुलाला सगळं ऐकवलं होतं. त्याच संध्याकाळी नंदू बाईंच्या दारात आला. आत आला नाही.

"मावशी, तुला संध्याकाळचं दिसतं ना?"

सोंग अजून रेटता आलं असतं. बाईंना ते जमलं नाही. "दिसतं," त्या म्हणाल्या.

नंदूनं मान हलवली. "मला वाटायचं, तुला माझी गरज आहे," तो म्हणाला आणि गेला.

गरज होती, असं बाईंना ओरडून सांगायचं होतं. डोळ्यांसाठी नव्हती, एवढंच. पण ते गॅलरीत उभं राहून, अर्धं घर ऐकत असताना कसं सांगायचं? त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढची तीन वर्षं भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येत राहिला, हाक मात्र आली नाही. माणिकचं लग्न ठाण्यालाच ठरलं. खालच्यांना अक्षता गेल्या, बाईंना नाही. शुभा गॅलरीत भेटली की खाली मान घालून हसायची, सासू दिसली की तेही नाही. आळीत कुठून कसं पसरलं कोण जाणे, पण टिपणीसबाई दारात आल्या की बायका जरा सावरून बसू लागल्या. ही बाई चहा प्यायला येत नाही, वास घ्यायला येते, असं कोणीतरी म्हटलं आणि ते सगळ्यांना आवडलं. बाईंनी मग जाणं कमी केलं. रविवारी दुपारपर्यंतचं मौन आता सोमवारी शाळेची घंटा होईपर्यंत लांबलं. वाचनालयात त्या अजूनही संध्याकाळीच जायच्या, एकट्या, भराभर चालत.

नंदू मात्र सुधारला. सुधारला हा शब्दही जास्तच होईल. तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. अंगानं भरला, बढती मिळाली, मुलगी झाली. तिच्या बारशाला गॅलरीभर बायका बसल्या होत्या आणि पाळणा म्हणण्याचा आवाज बाईंनी आपल्या खोलीत शिवणयंत्रावर बसून ऐकला.

सत्तावन्न सालच्या एका संध्याकाळी बाई वाळलेले कपडे काढायला गॅलरीकडे निघाल्या होत्या. दाराशी आल्या तर बाहेर नंदूचा आवाज. खाली नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्यातला तरुण माणूस त्याच्याशी गप्पा मारत कठड्याला टेकला होता. इकडचं तिकडचं चाललं होतं. मग तो तरुण जरा चाचरत म्हणाला, "मध्ये तुम्हाला काही त्रास होता म्हणे? म्हणजे, खाली कोणी बोलत होतं."

नंदू हसला. "कसला त्रास? छे हो. मला कधी काही झालंच नव्हतं. या पलीकडच्या बाई आहेत ना, त्यांनी काहीबाही मनात घेतलं होतं. एकटं राहून राहून होतं माणसाचं तसं. बाकी चांगल्या आहेत बिचाऱ्या."

बाईंना आधी लागलं ते 'पलीकडच्या बाई'. इतकं लागलं की त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. तो खोटं बोलतोय, असं त्यांच्या मनात आलं. बाहेर जावं आणि मिठागराच्या बांधावर कोण रडलं होतं ते विचारावं.

पण शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला खोटं बोलणारा आवाज कळतो. हा तसा नव्हता. लपवाछपवी नव्हती, गोडवा नव्हता, घाई नव्हती. जेवायला बसायच्या आधी दोन घटका गप्पा मारणाऱ्या, निवांत संसारी माणसाचा तो आवाज होता. पडून उठलेल्याला आपण पडलो होतो हे आठवतं. नंदू पडलाच नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि खरं बोलत होता: त्याला काही झालं नव्हतं. बाईंना एवढंच तर हवं होतं. ते मिळालं होतं, आणि त्यात त्यांना स्वतःला बसायला कुठे जागा नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण बघायला कोणी नव्हतं.

आपण आत्ता बाहेर गेलो तर तो ओशाळेल, बोललेलं वाक्य त्याला गिळावं लागेल, असं बाईंना वाटलं. त्या दाराआड उभ्याच राहिल्या. अंधार पडला. आतून शुभानं पानं घेतल्याचं सांगितलं, तो तरुण जिना उतरून गेला, नंदूनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि तो आत गेला. मग बाईंनी दार उघडलं आणि आवाज न करता दोरीवरचे कपडे काढून घेतले.